ओरुक आणि आमची संमेलनं

आमच्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात भाषणं होत नाहीत, हारतुरे नसतात, प्रमुख पाहुणे नसतात. एक लांबलचक टेबल, त्यावर चौकोनांचा नकाशा, फाशांचे ढीग आणि हाताशी पुरते दोन दिवस. वर्षभर जो तो आपापल्या व्यापात असतो. या दोन दिवसांत मात्र आम्ही सगळे एकाच जगात राहायला जातो. मंडळ डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांचं आहे. यात प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र व्हायचं आणि त्याचं काय होतं ते फाशांवर ठरवायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ पहिल्यांदा छापला, तेव्हापासून मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा माणूस, त्यात आहे. पण तो राक्षसांच्या यादीत. म्हणजे भुलभुलैयाच्या मधोमध उभं राहायचं, अंगावर धावून जायचं आणि शेवटी मरायचं, एवढंच त्याचं काम.

आमच्या संमेलनांची आठवण काढायची म्हटली की ओरुक नावाच्या एका मिनोटॉरचीच निघते. इतर लढाया, खजिने, ड्रॅगन सगळे धूसर झालेत. तो मात्र स्पष्ट दिसतो.

आमच्या डंजन मास्टरला, म्हणजे जग रचून खेळ चालवणाऱ्याला, आम्ही सगळे मास्तर म्हणतो. खेळ सुरू होण्याआधी ते तासभर गोष्ट सांगतात, हा संमेलनाचा रिवाज. ओरुक भेटला त्या वर्षी त्यांनी ग्रीक पुराणातली क्रीट बेटाची गोष्ट घेतली होती. मिनोस राजाने समुद्रदेव पोसायडनला बळी द्यायचा बैल स्वतःकडेच ठेवून घेतला, देव कोपला, राणी पासिफाईच्या पोटी बैलाच्या डोक्याचं मूल आलं. डीडलसने त्याच्यासाठी भुलभुलैया बांधला. अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली त्याच्यापुढे पाठवल्या जायच्या. मग थीसियस आला, आरिआड्नीने त्याला दोऱ्याचा गुंडा दिला आणि गोष्ट संपली. मास्तर म्हणाले, "अपोलोडोरसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात या मुलाचं नावसुद्धा दिलंय, आस्तेरिओस. पण आपण त्याला कधी नावाने हाक मारतो का?" एवढं बोलून त्यांनी नकाशा उलगडला.

नकाशावर अर्थातच भुलभुलैया होता आणि आत मिनोटॉर. आमची पात्रं तिसऱ्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीवरची. आम्ही खेळतो त्या 2014च्या आवृत्तीत मिनोटॉरला 76 हिट पॉइंट, म्हणजे मार झेलायची ताकद, असते, त्यामुळे आमची चांगलीच दमछाक झाली. मी धनुर्धारी खेळायचे, माझे बाण संपत आले होते. तो गुडघ्यावर आला, पुढच्या वाराला पडणार हे सगळ्यांना कळलं, आणि ताईंनी आपली गदा खाली ठेवली. ताई म्हणजे मंडळातल्या सर्वांत जुन्या खेळाडू. त्या वाटांच्या देवीची पुजारीण खेळायच्या. ही देवी कुठल्याही पुस्तकातली नव्हे, मास्तरांनी आमच्या जगासाठी रचलेली. ताईंनी मिनोटॉरला विचारलं, "तुझं नाव काय रे?"

मास्तर बराच वेळ गप्प होते. त्यांच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते आवाज बदलून म्हणाले, "ओरुक." आणि हेही सांगितलं की तो अजून पोरगा आहे, शिंगं पुरती वाढलेली नाहीत, आणि शिंगवाल्या राजाने, म्हणजे मिनोटॉरांचा दैत्यदेव बाफोमेटने, त्याला रक्तापलीकडे काही शिकवलेलं नाही.

त्या संध्याकाळी फासे गोळा करताना, मंडळात नुकताच आलेला एक मुलगा मास्तरांपाशी गेला. दोन्ही दिवस तो भिंतीलगत बसून नुसता बघत होता. म्हणाला, "मास्तर, पुढच्या वर्षी मी ओरुक खेळू का?"

मिनोटॉरला खेळाडूचं पात्र म्हणून घ्यायचे छापील नियम आमच्या आवृत्तीत 2018 मध्ये आले. शिंगांचा वार, धावत जाऊन दिलेली धडक, समोरच्याला दहा फूट मागे रेटणं, हे सगळं त्यात आहे. राक्षस-मिनोटॉरचा एक गुण मात्र त्यात नाही: एकदा चाललेली वाट न विसरण्याचा. मुलाने तेवढा एक गुण मागून घेतला. हा तोच ओरुक आहे, मग तो वाट कशी विसरेल, असं त्याचं म्हणणं. मास्तरांना ते पटलं. मात्र त्यांनी त्याला आमच्यापेक्षा दोन लेव्हल खाली ठेवलं, कारण तो लहान होता.

मुलाने त्याला पॅलडिन केलं. पॅलडिन हा श्रद्धेच्या बळावर लढणारा योद्धा. त्याच्या हातात बरं करण्याची ताकद असते, दर लेव्हलला पाच पॉइंट. दुसऱ्या लेव्हलच्या ओरुककडे दिवसाला दहा. नियमांप्रमाणे शपथ तिसऱ्या लेव्हलला घ्यायची, त्यामुळे ते अख्खं संमेलन ओरुक शपथेविना फिरला. हात बरं करतात, पण कुणाच्या कृपेने ते त्याला माहीत नाही. मला पॅलडिनच्या या पहिल्या दोन लेव्हल फार आवडतात. लोक त्या घाईघाईने उरकतात.

त्याच संमेलनात देवीचं देऊळ आलं. मास्तरांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला. त्यावर क्रीटमधल्या क्नोसोसच्या प्राचीन नाण्यांवर दिसते तशी आकृती होती: सात फेऱ्यांचा भुलभुलैया, शाईने काढलेला. पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने 1900 साली क्नोसोसचा राजवाडा खणायला घेतला, तिथे खोल्यांमागून खोल्या निघाल्या, बैलावरून उडी मारणाऱ्यांचं भित्तिचित्र निघालं. पण नाण्यांवरच्या त्या गोल भुलभुलैयाची गंमत वेगळीच आहे. त्याला फाटे नाहीत. एकच वाट आहे, ती आत-बाहेर वळत, मध्याजवळ येऊन पुन्हा लांब जात, शेवटी मध्याशीच पोचते. त्यात चुकताच येत नाही.

मास्तर म्हणाले, "देवळाच्या फरशीवर ही वाट कोरली आहे. मूर्ती नाही. चालायचं एवढीच पूजा."

मुलाने तोंडात आलेलं उत्तर गिळलं आणि तर्जनी कागदावर टेकवली. वाटेवरून बोट हळूहळू सरकू लागलं. पहिल्या वळणावर कुणीतरी बोलत होतं, तेही थांबलं. मध्याच्या अगदी शेजारून वाट बाहेर गेली तेव्हा त्याचं बोट क्षणभर अडलं, मग पुढे निघालं. चुकवणाऱ्या भुलभुलैयात जन्मलेलं हे पोर न चुकवणाऱ्या वाटेवर पहिल्यांदाच चालत होतं. बोट मध्यावर पोचल्यावर त्याने मास्तरांकडे न बघताच विचारलं, "आत काय आहे?" मास्तर म्हणाले, "तू." ताईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही कागदात डोकं घातलं, कारण बघवत नव्हतं.

पुढच्या वर्षी शपथ. छापील शपथांपैकी एक निवडली असती तरी चाललं असतं, पण मास्तरांनी सांगितलं, स्वतः लिही. पहिल्या रात्री सगळे झोपले तरी हा कोपऱ्यातल्या दिव्याखाली खाडाखोड करत बसला होता. सकाळी उभं राहून वाचलं: "वाट चुकलेल्याला मी हसणार नाही. ज्याच्यावर शिंग रोखीन, त्याला आधी नाव विचारीन. माझ्या मागे कुणी उभं असेल, तर मी हलणार नाही." तीनच ओळी. त्या आजही त्याच्या पात्राच्या कागदावर मागच्या बाजूला आहेत. पुढच्या बाजूला हिट पॉइंटच्या चौकटीत इतक्या वेळा खोडरबर फिरलंय की तिथे भोक पडलं, मागून चिकटपट्टी लावलीय. नवा कागद घे म्हटलं तर ऐकत नाही.

या शपथेने आम्हांला किती अडचणीत आणलं! दबा धरून हल्ला करायची वेळ आली की ओरुक खिंडीच्या तोंडाशी जाऊन नाव विचारणार. एकदा तर त्या विचारण्यामुळे पूर्ण लढाईच टळली, आणि आम्ही बाकीचे अनुभवाचे गुण मिळतील की नाही या काळजीत. मास्तरांनी दिले, पूर्ण दिले.

त्यानंतरचं संमेलन आठवणं सोपं नाही. ओरुक पाचव्या लेव्हलला होता, पंचवीस पॉइंट हातात. शिंगवाल्या राजाची टोळी चालून आली. ओरुकने शत्रूच्या बाजूच्या एका जखमी मिनोटॉर पोराला उठवण्यात सगळे पॉइंट घातले, मंत्र आधीच संपलेले. आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला ताईंची पुजारीण पडली. पडलेल्या पात्राने दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. तीनदा दहा किंवा वर आलं तर तरलं, तीनदा खाली आलं तर संपलं. ओरुक धावत पोचेपर्यंत दोनदा खाली आलं होतं. हात टेकवला, पण हातात काही उरलं नव्हतं. वैद्यकीचा फासा टाकला, चार पडला. मग ताईंनी स्वतःचा फासा टाकला. सात.

मुलाने विचारलं, "मास्तर, देवी काही म्हणते का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही रे."

चहा झाला नाही, कुणी उठलंही नाही. ताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी त्या पोराला वाचवलंच असतं बघ, तू वाचवलंस ते बरोबरच केलंस." तो मान हलवून गप्प बसला.

शपथ मोडलेल्या पॅलडिनसाठी या खेळात वेगळे नियम आहेत, काळ्या ताकदीचे. वर्षभर आमच्यात हीच चर्चा, की ओरुक त्या वाटेने जाईल. मला स्वतःला ते नको होतं, पण गेला असता तर समजलं असतं.

पुढच्या संमेलनाला तो मुलगा आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ओरुक वर्षभर देवळाच्या फरशीवर रोज चालतोय. देवी अजून बोललेली नाही. तो आता तिने बोलावं म्हणून चालत नाही." आणि सहाव्या लेव्हलची नोंद केली. सहाव्या लेव्हलला पॅलडिनभोवती दहा फुटांचं एक वलय येतं. त्यात उभ्या असलेल्या सोबत्यांना संकटाच्या प्रत्येक फाशावर त्याच्या श्रद्धेचं बळ मिळतं. नकाशावर दहा फूट म्हणजे दोन चौकोन. त्याने ओरुकच्या बाहुलीभोवती पेन्सिलीने ते चौकोन हलकेच रंगवले. ताईंनी नवं पात्र आणलं होतं: गेल्या वर्षी ओरुकने उठवलेलं तेच मिनोटॉर पोर. त्यांनी त्याची बाहुली रंगवलेल्या चौकोनात नेऊन ठेवली.

वर्षानुवर्षं खेळून मी एवढं पाहिलंय की दोन दिवसांत संपणाऱ्या खेळात पात्रं नुसती ताकद मिळवतात. ओरुकला मात्र मोठं व्हायला मधली लांबलचक वर्षं मिळाली. संमेलनं वर्षातून एकदाच होतात याची मला आधी हळहळ वाटायची, आता वाटत नाही. त्या मधल्या काळात तो मुलगाही मोठा होत होता, कामाला लागला, आवाज बदलला, आणि ओरुकची शिंगं त्याच्या हिशेबाने वाढत राहिली.

यंदा बाफोमेटच्याच भुलभुलैयात उतरायचं ठरलंय. मास्तरांनी नकाशा गुंडाळून ठेवलाय, दाखवत नाहीत. ताईंचं म्हणणं, पोराला बाहेर ठेवून ओरुकने एकट्याने जावं. त्याचं म्हणणं, शपथेत तसं काही लिहिलेलं नाही, ज्याला यायचं त्याने दोन चौकोनांच्या आत राहावं. मी माझ्या धनुर्धारिणीसाठी बाण मोजून घेतलेत आणि त्याच्या डाव्या हाताची जागा आधीच सांगून ठेवलीय.