प्रतीत्यसमुत्पाद: थांबायचं कुठे?

तत्त्वज्ञानावरच्या श्राव्यपुस्तकांचे उच्चार तपासणं हे माझं काम. त्या दिवशी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या 'मूलमध्यमककारिके'वरचं विवेचन मुद्रित होत होतं आणि गाडी 24व्या प्रकरणातल्या 18व्या कारिकेपाशी, म्हणजे श्लोकापाशी, अडली: 'यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे'. जो प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे कशाच्या तरी आधाराने होणारा उद्भव, त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो. निवेदकाचा आवाज कसलेला होता, पण 'प्रतीत्यसमुत्पाद' म्हणताना तो 'प्रति'पाशी किंचित थांबायचा आणि उरलेला शब्द एका दमात उरकायचा.

तो थांबा चालण्यासारखा नव्हता. अक्षरं सात: प्र, तीत्, य, स, मुत्, पा, द. शब्दाचा सांधा 'य' आणि 'स' यांच्यामध्ये आहे. 'प्रति'पूर्वक 'इ' (जाणे) धातूला ल्यप् ('-ऊन' अर्थाचा प्रत्यय) लागतो, मध्ये त् येतो आणि 'प्रतीत्य' होतं: गाठून, आधार घेऊन. 'समुत्पाद' म्हणजे उद्भव. 'प्रति' सुटं काढलं तर मागे उरतं 'इत्य', म्हणजे जाणारं, नाशवंत. अशीच फोड करून 'प्रत्येक नाशवंताचा उद्भव' असा अर्थ लावणारे पूर्वीही होते. सातव्या शतकात नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती याने तो खोडून काढला. त्याने पुढे केलेलं वचन मला फार मोलाचं वाटतं: 'चक्षुः प्रतीत्य रूपाणि च उत्पद्यते चक्षुर्विज्ञानम्'. डोळा आणि रूपं यांच्या आधाराने दृष्टिज्ञान उपजतं. इथे समास नाही, आधार कशाचा तेही नेमकं सांगितलंय. 'प्रत्येक' घुसवायला जागाच नाही.

निवेदकाकडून आधी नुसतं 'प्रतीत्य' म्हणवून घेतलं. 'ती' दीर्घ, आणि त् 'सत्य'मधल्यासारखा दाबून. घाई झाली की इथला 'य' गिळला जातो आणि 'प्रतीतसमुत्पाद' ऐकू येतं. मग 'समुत्पाद'. त्-साठी जीभ दातांना टेकवायची आणि ती सुटण्याआधीच 'प'साठी ओठ मिटायचे. जीभ आधी सुटली की 'समुतपाद' होतं, एक अक्षर वाढतं.

पडताळा छंदाने घेतला. 'यः' धरून चरणाची आठ अक्षरं होतात. अनुष्टुभात, म्हणजे या कारिकेच्या छंदात, पाचवं लघू आणि सहावं गुरू हवं, विषम चरणात सातवंही गुरू. स, मुत्, पा: चोख बसतं. मराठी वाक्यात शेवटचा 'द' हलका झाला तरी चालतो, कारिकेत मात्र 'दः' पूर्ण हवा.

एवढं करून संध्याकाळी संपादित तुकडा ऐकला, तर त्यात 'समुपाद'! त् आणि प यांच्या मधली क्षणभराची शांतता म्हणजेच तो त्. विराम आपोआप छाटणारी सोय इतकी कडक लावलेली होती की तिने ती शांतताही रिकामी जागा समजून कापली. मूळ मुद्रण पुन्हा घेतलं, छाटणीची मर्यादा बरीच वाढवली आणि अविद्येपासून जरामरणापर्यंतच्या 12 निदानांचा, म्हणजे दुःखाच्या कारणसाखळीतल्या कड्यांचा, भाग त्याच मर्यादेवर नव्याने काढला.