टार्लटनच्या झग्याची अग्निपरीक्षा

त्या दिवशी कार्यशाळेत शिवणयंत्रं बंद होती आणि बर्नर चालू होता. 1860च्या सुमाराचा पॅरिसमधल्या बॅलेचा झगा रंगमंचासाठी जसाच्या तसा शिवायचा होता. कापड जाळून दाखवल्याशिवाय नाट्यगृहाचा अग्निसुरक्षा अधिकारी असा झगा दिव्यांखाली जाऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्या ताग्यातून झगा कापायचा, त्यातूनच 10 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब पट्ट्या काढून लोखंडी चौकटीत उभ्या टांगल्या. खालच्या काठाला 12 सेकंद ज्योत धरायची आणि ती काढल्यावर कापड किती वेळ जळत राहतं ते बघायचं, अशी चाचणी.

पहिल्या कोऱ्या पट्टीला 12 सेकंद लागलेच नाहीत. चार सेकंदांत चौकट रिकामी.

टार्लटन हे विरळ विणीचं सुती कापड, भरपूर खळ देऊन ताठ केलेलं. सूत बारीक, दोन धाग्यांमध्ये मोकळी जागा, म्हणजे प्रत्येक धाग्याला चारही बाजूंनी हवा. वर खळ म्हणजे पिष्ट, तेही जळणारंच. मग झग्यासारखे पाच थर, मध्ये बोटभर अंतर ठेवून, टांगले. दोन थरांमधली पोकळी धुराड्यासारखी हवा ओढते, त्यामुळे ज्वाळा पट्टीच्या दुप्पट उंच गेली. तेच पाच थर टाचण्यांनी घट्ट दाबून लावले तेव्हा जळण्याचा वेग स्पष्ट कमी झाला. पण दाबलेल्या थरांचा झगा घेऊन करायचं काय? 1832 मध्ये नर्तिका मारी तालिओनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत उतरली तेव्हापासून या झग्याचं सगळं कौतुक थरांमधल्या हवेचंच आहे. उडी घेताना थर फुगतात, नर्तिका खाली आली तरी ते क्षणभर मागे रेंगाळतात, आणि ती अजून वरच आहे असा भास होतो.

आमच्या झग्याला प्रत्येक थर 5 मीटर घेराचा, 70 सेंटिमीटर लांबीचा. असे पाच, म्हणजे 25 मीटर कापड कमरेच्या पट्टीत चुण्या घालून बसवायचं. वजन पाऊण किलोच्या आसपास. कापड एवढं, वजन एवढंसं: आगीला याहून सोयीचं काही नाही. त्यात पॅरिसच्या ऑपेराच्या ल पेलतिए नाट्यगृहात 1822 पासून गॅसचे दिवे होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणि विंगांमध्येही उघड्या ज्योती, आणि त्यांच्या शेजारून वीतभर फुगलेले झगे ये-जा करायचे. 1844च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नर्तिका क्लारा वेबस्टरचा झगा प्रयोगातच दिव्याला लागून पेटला. तीन दिवसांत ती गेली.

पुढच्या पट्ट्या क्षार दिलेल्या. लिटरभर गरम पाण्याला 105 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 45 ग्रॅम बोरिक आम्ल. नुसता टाकणखार गार पाण्यात इतका विरघळत नाही, बोरिक आम्ल जोडीला असलं की विरघळतो. हातमोजे आणि मास्क हवेतच. बोरिक आम्लाची पूड श्वासातून जाऊ देण्याची चीज नव्हे. कापड पूर्ण बुडवायचं, पिळायचं नाही, नितळवून आडवं वाळवायचं. उभं टांगलं तर द्रावण खाली ओघळतं आणि वरचा भाग कोरडा, म्हणजे असुरक्षित राहतो. या पट्ट्यांना ज्योत लावली तर काठ काळा पडला, आक्रसला. ज्योत काढताच विझलं. तापल्यावर क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात, पाणी सोडतात आणि सुताचा जळाऊ वायू होण्याऐवजी कोळसा होतो.

अग्निसुरक्षेचा प्रश्न सुटला तिथे आमचा सुरू झाला. प्रक्रिया केलेल्या चाचणी-थराचं वजन कोऱ्यापेक्षा सुमारे 12 टक्के जास्त भरलं. काळ्या टेबलावर झटकला तर पांढरी भुकटी पडली. चुणी जिथे गोल वळायला हवी तिथे मोडून कोपरा धरत होती. इस्त्री जरा जास्त तापली की पिवळट झाक. शिवाय पाण्यात बुडवताना मूळची खळ सैल होते आणि नंतर पुन्हा ओली खळ द्यावी तर क्षार धुऊन निघतात. दोन्ही एकत्र करावं म्हणून उकळत्या खळीत टाकणखार घातला, तर तिच्या गुठळ्या झाल्या.

पॅरिसच्या ऑपेरातली नर्तिका एमा लिव्री हिचं पत्र इथे नीट कळतं. 1859च्या सरकारी हुकमाने ऑपेराच्या कपड्यांना कार्तरों यांची अग्निरोधक प्रक्रिया सक्तीची झाली होती. 1860 मध्ये लिव्रीने, जबाबदारी स्वतःवर घेऊन, नेहमीच्याच झग्यात नाचणार असं लिहून दिलं. 15 नोव्हेंबर 1862 रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’ या संगीतिकेच्या तालमीत तिचा झगा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने सोसून 26 जुलै 1863 रोजी ती वारली, वय 20. तिला हट्टी, नटवी म्हणणारे लेख बरेच वाचायला मिळतात. मला ते पटत नाही. प्रक्रिया केलेला थर हातात धरून पाहिला की ती ज्याला नकार देत होती ते कळतं: ज्या कामासाठी झगा आहे तेच काम तो करत नव्हता. चूक होती ती झग्याशेजारी उघडी ज्योत ठेवणाऱ्या व्यवस्थेची.

लंडनमध्ये 1859 मध्येच फर्समान आणि ओपेनहाइम या रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळे क्षार तपासून सोडियम टंगस्टेट सुचवलं होतं. त्यावरून इस्त्री अडखळत नाही आणि ते खळीतही मिसळता येतं. त्या दिवशी दुपारी आम्ही तेच करून पाहिलं. कापडाचं पडणं सुधारलं, भुकटी जवळजवळ गेली. पण विझायला टाकणखाराच्या पट्टीपेक्षा जास्त वेळ घेतला आणि अधिकाऱ्याने ती नापास केली.

शेवटी पाचही थरांना टाकणखार-बोरिक आम्लच दिलं, फक्त घेर 5 मीटरवरून 4 मीटरवर आणला आणि थर एकमेकांना जोडणारे झुलते टाके 4 सेंटिमीटर लांब ठेवले, म्हणजे वजन वाढूनही थर सुटे हलतील. कमरेच्या पट्टीच्या आतून चिठ्ठी शिवली: पाण्यात धुऊ नये, वाफेची इस्त्री नको, घामाने किंवा पाण्याने भिजल्यास तो थर पुन्हा बुडवून जाळ-चाचणी घ्यावी. चाचणीसाठी त्याच ताग्याच्या, त्याच बादलीतून काढलेल्या सहा पट्ट्या पिशवीत घालून झग्यासोबत दिल्या.