तुम्ही विचारलंत म्हणून: आजीचं गाणं मोबाईलवर का नाही घेतलं?

दिवसकार्याला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलं. अजूनही मिरजेत एखाद्या गाण्याच्या बैठकीनंतर कुणीतरी विचारतंच. म्हणून एकदा नीट सांगतो.

मोबाईल विसरलो नव्हतो. ताईने तिचा काढलाही होता. मीच म्हणालो, "ठेव तो."

एडिसनने १८७७ मध्ये केलं तसलं, आवाज उमटवून पुन्हा ऐकवणारं यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, मी सांगलीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं होतं. पितळी नळकांडं, त्यावर मळसूत्री खाच, खाचेवर ताणून बसवलेला फॉइलचा जाड कागद. पोळ्या गुंडाळायचा पातळ कागद सुईने फाटतो. भोंग्यात गायलं की पडदा थरथरतो आणि त्याला लावलेली सुई कागदात खड्डे पाडत जाते. वीज लागत नाही. गाणाऱ्याचा आवाजच सुई ढकलतो. ऐकताना दांडा फिरवणारा हात मंदावला तर षड्ज, म्हणजे सा, घसरतो. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या ग्रामोफोन तबकड्या आमच्याकडे लहानपणापासून वाजायच्या, पण तबकडी घडून आलेली असते. इथे आवाजाचा खड्डा होताना मला दिसत होता. त्यासाठी मी रियाजसुद्धा बुडवला.

आजीला म्हटलं, जात्यावरची ओवी म्हण, पण ओरडून. हळू आवाज सुईपर्यंत पोचत नाही. ती भोंग्याला तोंड लावून बसली, खाकरली आणि दोन ओव्या म्हणाली. दुसरीला तिला दम लागला. मी दांडा मागे नेऊन फिरवला, तर विहिरीतून यावा तसा आवाज आला. "ह्ये मीच हाय व्हय रं?" म्हणत तिने माझा हात धरला. पुन्हा लाव म्हणाली. मग शेजारच्या काकू आल्या, पुन्हा लावलं. दर खेपेला सुई खड्डे बुजवत होती. तिसऱ्या वेळी शब्द गेले, पाचव्या वेळी नुसती खरखर. हे होणार हे मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता इतका खुलला होता.

आठ महिन्यांनी ती गेली.

तेव्हा मी म्हणायचो, मोबाईलमध्ये आवाजाचे आकडे राहतात, कागदात तिचा श्वास राहतो. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण मग ताईला का अडवलं? दोन्ही झालं असतं. माझं यंत्र एकटंच असावं, असं मला वाटत होतं. हे लिहायला जड जातंय.

अमेरिकेत सेंट लुईसला १८७८ मध्ये उमटवलेल्या अशाच एका कागदावरचा आवाज २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी ऐकवला. सुई न टेकवता, प्रकाशाने खड्डे मोजून. म्हणून मी आमचा कागद वहीत सपाट करून ठेवलाय. भिंगातून पाहिलं तर पहिले दोन वेढे अजून खोल दिसतात. तिथे ती खाकरली होती. ओवी त्याच्या पुढे सुरू होते.