बारा मिलीसेकंदांचा हिशेब

गुरुत्वीय त्वरण मोजण्यासाठीच्या मुक्त पतनाच्या प्रयोगातून स्टॉपवॉच बाद करायचे, असे मागच्या नोंदीच्या शेवटी ठरवले होते. पीयूसीला (अकरावी-बारावीला) असलेल्या माझ्या भाचीने एक मीटर उंचीवरून सोडलेल्या गोळीचा वेळ वीस वेळा मोजला, तेव्हा वाचने ०.३८ पासून ०.५४ सेकंदांपर्यंत पसरली. घड्याळ सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत होते; परंतु डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि सुरुवातीचा उशीर शेवटच्या उशिरातून दर वेळी नेमका वजा होत नाही. लोलकाची वीस आंदोलने मोजून ही चूक विसाने भागता येते. गोळीचे पडणे मात्र एकदाच घडते. गॅलिलिओने गोळा उतरत्या पन्हळीतून घरंगळू दिला आणि तेवढ्या वेळात भांड्यातून वाहिलेले पाणी तोलले, ते याच अडचणीपोटी.

नवी मांडणी आमच्या जुन्या घराच्या माळ्याच्या तुळईला टांगली आहे. वर विद्युतचुंबक, खाली इन्फ्रारेड किरणाचे फाटक (गोळीने किरण अडवला की ते खूण देते) आणि मधल्या वेळेच्या नोंदीसाठी अर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पोलादी गोळी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एका वर्कशॉपमधून मिळालेल्या जुन्या बेअरिंगमधली आहे. फाटक चुंबकाच्या बरोबर खाली आणण्यासाठी शेजारच्या गवंड्याचा ओळंबा वापरला. त्याहून सरस साधन मला सापडलेले नाही. आषाढातल्या पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे सगळे काही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले.

मापनाला हात घालण्यापूर्वी घड्याळच तपासले. माझ्या बोर्डावर क्वार्ट्झ स्फटिकाऐवजी सिरॅमिक रेझोनेटर आहे आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. जीपीएस मॉड्यूल दर सेकंदाला देते त्या दोन स्पंदांमध्ये बोर्डाने १०,०१,२४० मायक्रोसेकंद मोजले, म्हणजे तो सुमारे ०.१२ टक्के पुढे धावतो. त्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे एवढ्यानेच उत्तर ०.०२४ मी/से² ने कमी आले असते. खालील आकडे ही दुरुस्ती करून दिले आहेत.

प्रत्येक उंचीवरून दहा वेळा गोळी सोडली. सरासरी वेळ ०.४ मीटरसाठी ०.२९८०, ०.६ साठी ०.३६२३, ०.८ साठी ०.४१६५ आणि १ मीटरसाठी ०.४६४२ सेकंद आला, आणि दहा वाचनांमधील फरक अर्ध्या मिलीसेकंदाच्या आत राहिला. एवढी एकवाक्यता पाहून मी खूश झालो आणि गणिताला बसलो, तर पहिल्या उंचीवरून गुरुत्वीय त्वरण ९.०१ आणि शेवटच्या उंचीवरून ९.२८ मी/से² निघाले. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात ते ९.७८ च्या आसपास हवे. मूल्य कमी आले याचे मला तितके वाटले नाही. उंची वाढवल्यावर ते वाढत जाते, हे मात्र खटकले. हवेचा रोध असता तर उलटे झाले असते. उंची कितीही असो, प्रत्येक वाचनात सारखाच जादा वेळ मिसळत असेल तरच असे घडते, कारण लहान वेळेत त्याचा वाटा मोठा पडतो.

म्हणून वेळ आणि उंचीचे वर्गमूळ यांचा आलेख काढला. चारही बिंदू एका सरळ रेषेत आले, पण ती रेषा आरंभबिंदूतून न जाता वेळेच्या अक्षाला १२ मिलीसेकंदांवर छेदते. उतारावरून काढलेले त्वरण ९.७८ मी/से² भरले. ते बारा मिलीसेकंद चुंबकाचे होते. वेटोळ्यातील उलट व्होल्टेजपासून ट्रान्झिस्टर वाचावा म्हणून मी वेटोळ्याला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला होता. स्विच बंद केल्यावरही त्या डायोडमधून प्रवाह फिरत राहतो, चुंबकत्व हळूहळू ओसरते आणि गोळी उशिरा सुटते. अर्डुइनोचे मोजणे मात्र स्विच बंद होताच सुरू झालेले असते.

आता हा प्रवाह लवकर ओसरावा म्हणून डायोडच्या एकसरीत झेनर डायोड टाकला आहे आणि प्रवाह थांबल्यावरही उरणाऱ्या अवशिष्ट चुंबकत्वासाठी चुंबकाच्या टोकाला पातळ कागदाचा तुकडा चिकटवला आहे. उशीर तीन मिलीसेकंदांवर आला. तरीही एका मीटरच्या एकट्या वाचनावरून त्वरण ९.६५ च निघते. म्हणून आलेखाची पद्धत मी सोडणार नाही.

अर्डुइनो चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजतो, याचा मला आरंभी फार अभिमान होता. फाटकापाशी गोळीचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो, म्हणजे चार मायक्रोसेकंदांत ती ०.०२ मिलिमीटरही सरकत नाही. माझी टेप मात्र एका मिलिमीटरने चुकते आणि तेवढ्यात ०.२३ मिलीसेकंद निघून जातात. शिवाय किरणाला स्वतःची जाडी आहे, आणि गोळीचा खालचा कड त्यात किती शिरल्यावर सेन्सर बदलतो हे मी अजून मोजलेले नाही. त्यासाठी मायक्रोमीटर स्क्रूवर गोळी बसवून ती किरणात अगदी सावकाश उतरवायची आहे. पुढची नोंद त्याची.