घर नंतर, आधी रांग

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ॲम्स्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनला नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न मला हमखास येतो: 'ताई, शनिवारी घर बघायला बोलावलंय, नेमकं काय बघू?' सोबत फंडा या घरविक्रीच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीची लिंक. घर बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं. साठ-सत्तरच्या दशकातली विटांची रांग, एकेका घराची रुंदी साडेपाच-सहा मीटर, खाली पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत आरपार हॉल, वर तीन खोल्या, त्यावर पोटमाळा. मागे छोटी बाग आणि तिच्या टोकाला शेड. नेदरलंड्समधली चाळीस टक्क्यांहून जास्त घरं अशीच रांगेतली आहेत, तेव्हा पसंत पडो न पडो, बहुतेकांची गाडी शेवटी इथेच येते.

माझं उत्तर ठरलेलं आहे: घर नंतर बघा, आधी रांग बघा. ही सगळी घरं एकाच नकाशावर, एकाच वेळी उभी राहिलेली असतात. त्यामुळे तुमच्या घरात पुढे काय निघेल आणि त्यात काय करता येईल, याचा अंदाज शेजाऱ्यांच्या घरांवरून येतो. एजंट तुम्हाला जेमतेम वीस-तीस मिनिटं देतो आणि ती नव्या किचनचं कौतुक करण्यात जातात. म्हणून अर्धा तास आधी पोचा आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. छपरातून बाहेर काढलेल्या खिडक्या बऱ्याच घरांना दिसल्या, तर पोटमाळ्याची खोली करायचं तुमचंही बहुधा जमेल. दोन-चार घरांच्या विटांत एकाच जागी पायऱ्या-पायऱ्यांची तिरकी भेग दिसली, तर मात्र जमीन कुठेतरी खचत असण्याची शक्यता आहे, आणि तो प्रश्न एका घराचा नाही. इथली जमीन मऊ आहे. तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याची अट बोलीतच घाला. स्पर्धेत पुढे राहायला ही अट सोडून देणारे मी बघितलेत. मला ते धाडस वाटत नाही, जुगार वाटतो.

मग मागे जा. रांगेच्या पाठीमागून एक अरुंद वाट जाते का? सायकली आणि कचऱ्याचे डबे तिथूनच आत-बाहेर होतात. मधल्या घराला ही वाट नसेल तर पावसात भिजलेल्या सायकली हॉलमधून न्याव्या लागतील. वाट दुसऱ्याच्या जमिनीवरून जात असली तर तुमचा जाण्याचा हक्क खरेदीच्या कागदात आहे ना, हे नोटरीला विचारा. आणि शेडचं छप्पर जुन्या पन्हळी पत्र्यांचं दिसलं, घरही 1994 च्या आधीचं असलं, तर आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉसची शंका घ्यायचीच.

आता दिशा. आपल्याकडचे विचारतात, दार पूर्वेला आहे का? डच माणूस विचारतो, बाग दक्षिणेला की पश्चिमेला? दोघांची सोय एकाच घरात होते: दार पूर्वेला असलं की मागची बाग आपोआप पश्चिमेला. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तोपर्यंत बागेत ऊन. सासूबाईही खूश.

आत शिरलात की किचनकडे धावू नका, पायपुसण्यावर थांबा. बऱ्याच जुन्या घरांत त्याखाली एक झाकण असतं आणि झाकणाखाली रांगून जाण्याइतकी पोकळी. उघडायला सांगा. टॉर्च मारा, वास घ्या. वाळू कोरडी आहे की पाणी साचलंय, पाइप कसे आहेत, जमिनीखाली इन्सुलेशन आहे का, सगळं तिथे दिसतं. एजंट जरा चमकतो, चमकू दे. दाराजवळच्या कपाटात विजेचं मीटर असतं, तेही बघा. जोडणी सिंगल फेज असेल तर पुढेमागे हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) बसवताना बदलावी लागू शकते. एनर्जी लेबल, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं ते सांगणारं A, B, C असं अक्षर, तर हवंच. 2024 पासून कर्ज किती मिळणार, हेही काही प्रमाणात त्या अक्षरावर ठरतं.

जाहिरातीत 'शांत वस्ती' लिहिलेलंच असतं. वस्ती शांत असतेही, पण वर आकाश आहे आणि शेजारी स्खिपोल विमानतळ. वाऱ्याची दिशा बदलली की तिथली वापरातली धावपट्टी बदलते, त्यामुळे शनिवारी सकाळी पान हललेलं ऐकू आलं म्हणून मंगळवारीही येईल असं नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वाऱ्यात एक फेरी मारा. सामायिक भिंतीचंही तेच. शेजाऱ्यांचा जिना वाजतो का, विचारा. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांनाही ऐकू जाणार आहेत.

पैशाचं थोडक्यात. लिहिलेली किंमत ही सुरुवात, बोली त्याच्या वर जाते. पण बँक घराच्या मूल्यांकनापेक्षा जास्त कर्ज देत नाही. मूल्यांकन 5,00,000 युरो आणि तुमची बोली 5,40,000, तर वरचे 40,000 खिशातून. शिवाय राहण्यासाठीच्या घरावर 2 टक्के हस्तांतरण कर. पस्तिशीच्या आतल्यांना ठरावीक किमतीपर्यंतच्या घरावर तो एकदा माफ होतो. सह्या झालेला करार हातात पडला की 3 दिवस माघार घ्यायची मुभा असते, तीही फक्त खरेदीदाराला. आणि काय काय मागे ठेवणार त्याची विक्रेत्याने दिलेली यादी ओळ न् ओळ वाचा. पडद्यांच्या दांड्या आणि फ्लोअरिंगसुद्धा जाऊ शकतं.

राहता राहिलं, कोपऱ्याचं घ्यावं की मधलं? कोपऱ्याला जमीन जास्त, उजेड जास्त, पण उघडी भिंतही एक जास्त, म्हणजे हिवाळ्यात हीटिंगचं बिलही. मधल्या घराला दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते. म्हणून मी मधलंच घ्या म्हणते. आमचं मधलंच आहे. कोपऱ्याचं तेव्हा परवडलंही नसतं.