समुद्रातली चाचेगिरी एकट्या देशाचं काम नाही
आज मर्चंट नेव्हीतल्या एका मित्राशी खूप वेळ बोलले. सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातून जाताना रात्रभर डेकवर पहारा, रेलिंगला काटेरी तारा, पाण्याचे होस तयार, आणि चाचे चढलेच तर सगळ्यांनी आत एका खोलीत जाऊन दार बंद करून मदतीची वाट बघायची, हे तो इतकं सहज सांगत होता की मला कसंतरीच झालं.

जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसरीकडचे, मग सोडवायचं कुणी? २०१२ मध्ये पकडलेले नाहम ३ जहाजाचे खलाशी २०१६ मध्ये सुटले हो, साडेचार वर्षं ओलीस!!

२००८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १८१६ केला, म्हणजे चाच्यांना पकडायला सोमालियाच्या हद्दीतल्या समुद्रातही शिरायची परवानगी दिली, बऱ्याच देशांच्या नौदलांनी एकत्र गस्त घातली आणि काही वर्षांत सोमालियाजवळचे हल्ले खरंच कमी झाले, म्हणजे जमतं की. पण २०२३ च्या शेवटी पुन्हा सुरू.

खुल्या समुद्रात चाच्यांना कुठलाही देश पकडू शकतो, पण खटला कोण चालवणार इथे गाडी अडते, कित्येकांना पकडून सोडून दिलंय. हा भार केनिया, सेशेल्ससारख्यांवरच किती दिवस टाकणार? ज्यांचा ज्यांचा माल या रस्त्याने जातो त्या सगळ्यांनी कोर्टाचा, तुरुंगाचा खर्च वाटून घ्यायलाच हवा.