मिसुरीत काडतुसं मोजणारी पोट्टी

नागपूरला गेले की माझी ओळख करून देताना घरच्यांची पंचाईत होते. "ही आमची पुतणी, अमेरिकेत असते, आधी सॉफ्टवेअरमध्ये होती, आता..." इथे गाडी अडते. मग कोणीतरी "डिफेन्समध्ये आहे" म्हणून मोकळं होतं, आणि नागपुरात तेवढं पुरतंही. अंबाझरीला आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरी, भद्रावतीला तिसरी, पुलगावला लष्कराचं दारूगोळा भांडार, बाजारगावकडे खासगी स्फोटकांचे कारखाने आणि देशभरातल्या स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. आपण मिरवतो संत्र्यांचं शहर म्हणून, पण ज्याच्या घरातलं कोणी ना कोणी दारूगोळ्याच्या नोकरीत नाही असा नागपूरजवळच्या वाडीचा माणूस दाखवा.

तर खरं उत्तर असं: मी मिसुरी राज्यात काडतुसं बनवणाऱ्या एका कंपनीच्या बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. यावर माझ्या चुलतभावाचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे दिवसभर गोळ्याच झाडून राहिली का तू तिथं?" झाडते, पण त्याला वाटतं तशा नाही. ते पुढे सांगते.

सुरुवात एनसीसीतली. कामठीच्या कॅम्पमध्ये .२२ रायफल, जमिनीवर पालथं पडून, प्रत्येकीच्या वाट्याला मोजके राउंड. फायरिंग संपलं की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या. एक कमी भरली तर अख्खी रांग गवतात शोधत बसायची, आणि उस्ताद वर उभे. गंमत म्हणजे .२२ची पुंगळी पुन्हा भरताही येत नाही, कारण तिचा स्फोटक मसाला काठातच असतो. पण हिशेब म्हणजे हिशेब. मला तेव्हा नेम जमायचा, आणि त्याहून जास्त आवडायचं ते टार्गेट उतरवल्यावर ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडली, ते मोजणं. का पसरलं, कुठे पसरलं, श्वास चुकला की बोट.

नंतर इंजिनिअरिंग, पुणे, लग्न, अमेरिका. आपल्याकडे समज असा की तिथे उतरलं की दुकानात जायचं आणि बंदूक घ्यायची. तसं नाही. एच-१बीसारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथला केंद्रीय कायदा बंदूक काय, काडतूसही बाळगू देत नाही. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण अपवादांच्या भरवशावर इमिग्रेशनची फाईल पणाला लावणारा नागपूरकर मी तरी बघितला नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा नंबर लागेपर्यंत मी फक्त कोड लिहिला.

कार्ड हातात आल्यावर गावाबाहेरच्या रायफल क्लबात नाव घातलं. तिथे बहुतेक मंडळी निवृत्त: शेतकरी, एक पोस्टमन, एक दंतवैद्य. ६०० यार्डांवर कागदाला भोकं पाडायची, शिकार नाही की शौर्य नाही. दोन-तीन शनिवार गेल्यावर लक्षात आलं की चांगलं खेळणारे सगळे स्वतःची काडतुसं घरी स्वतः भरतात. त्याला रीलोडिंग म्हणतात.

काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, बुडाशी प्रायमर, आत पावडर, तोंडाला बुलेट. गोळी उडाली की तीन भाग संपतात, पुंगळी उरते, आणि काडतुसातला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक तीच. ती धुवायची, जुना प्रायमर काढायचा, स्फोटाने फुगलेलं अंग डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं, लांबी वाढली असेल तर कापायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून भरायची, वरून बुलेट ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायची. तिथे स्वतःच्या वापरासाठी हे करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं तर सोडाच, जवळ ठेवणंही गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून कोणी घरी काही करायला जाऊ नका. कंपनीने छापलेला तक्ता आणि कंपनीची पावडर असूनही तिथली जुनी माणसं घाबरून असतात. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. भरलेल्या पुंगळ्यांची ट्रे बॅटरीने उजेड मारून बघायची, म्हणजे एखादीत दुप्पट पडली असेल किंवा पडलीच नसेल ते कळतं. रेडिओ बंद. आमच्या क्लबातला पोस्टमन तर बायकोशीही बोलत नाही तेवढा वेळ, आणि तिची काही तक्रार नाही.

पावडरचं माप ग्रेनमध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन, ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा. आपली गुंज दोनेक ग्रेनची भरते, म्हणजे हा कारभार इतवारीच्या सराफ्यातल्या गुंजेपेक्षाही नाजूक, कारण आम्ही ग्रेनचा दहावा भाग बघतो. पंखा चालू असेल तर काटा हलतो, खिडकी उघडली तर हलतो. एवढा अट्टहास कशाला? .३०८ या मापाच्या दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला २० फुटांचा फरक असला तर ६०० यार्डांवर एक दुसरीपेक्षा दोन इंचांच्या आसपास खाली लागते. श्वास, बोट, डोळा सगळं ठीक असूनही. नेमबाजाला हे कळायला मार्गच नसतो, तो स्वतःलाच दोष देत बसतो. मला कळलं, कारण मी क्रोनोग्राफ नावाचं वेग मोजणारं यंत्र घेतलं आणि वही घातली.

वहीत काय असायचं? पुंगळ्या कोणत्या लॉटच्या, कितव्यांदा भरलेल्या, पावडरचा लॉट, वजन, पूर्ण लांबी, हवेचं तापमान, प्रत्येक गोळीचा वेग, आणि टार्गेटचा फोटो चिकटवलेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याचे बग शोधून शोधून ही सवय हाडात गेली होती. क्लबात लोक माझ्या गोळ्यांपेक्षा माझी वही मागायला लागले. २०२०-२१मध्ये प्रायमर बाजारातून गायब झाले तेव्हा तर, कमी साहित्यात जास्त माहिती कशी काढायची हे विचारायला दंतवैद्य आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसायचा.

मग तो प्रश्न आला जो छंद असलेल्या प्रत्येकाला येतो: विकत का नाहीस?

कागदावर हे फार सोपं दिसतं. काडतुसं बनवून विकण्याचा केंद्रीय परवाना, टाइप ०६, तीन वर्षांना ३० डॉलर. नागपुरात दुचाकीचा परवाना काढायचा म्हटलं तरी एजंट याहून जास्त घेईल. पण त्याच्या मागे रांग आहे. काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर. हा १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाला जातो, म्हणजे तिथल्या हरणांचं रान बऱ्यापैकी गोळ्यांच्या पैशावर टिकून आहे. शिवाय रहिवासी भागात धंदा चालवायला गावाची परवानगी. आणि सगळ्यात वर विमा. तुमची गोळी दुसऱ्याच्या बंदुकीत गेली की ती बंदूक जुनी होती, नळी खराब होती, त्याने कुठली तरी भलतीच गोळी भरली होती, हे सगळं तुम्हाला कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. विम्याचा हप्ता भरायला जितकी काडतुसं विकावी लागतील तितकी गॅरेजमध्ये हाताने होत नाहीत, आणि मशीन लावलं की जिच्यासाठी लोक माझ्याकडे येणार ती दहाव्या भागाची काळजीच संपते. अनेकांनी हा धंदा केलाय, काहींचं बरं चाललंय. माझं मत विचाराल तर शंभरातल्या नव्वदांनी त्या वाटेला जाऊ नये.

मी नोकरीची जाहिरात बघितली. मुलाखतीला वही घेऊन गेले. तुझा नेम किती चांगला आहे हे कोणी विचारलंच नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखाने हिवाळ्यातली पानं उघडली आणि पावडर तीच, वजन तेच, मग वेग कमी का, असं विचारलं. थंडीत पावडर मंद जळते, उन्हाळ्यात जोरात, कोणती किती हे पावडरवर अवलंबून. मी माझे आकडे दाखवले. पगार सॉफ्टवेअरच्या निम्म्याच्या जवळपास आहे, हे लपवत नाही. नवऱ्याची नोकरी आहे म्हणून जमलं.

आता काम काय ते. एका लांब बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी बैठकीत २४ इंचांची चाचणीची नळी घट्ट बसवलेली असते. खांद्याला लावायचं काही नाही, नेम धरायचा नाही. काडतूस ठेवायचं, दार बंद करायचं, बाहेर येऊन ट्रिगर ओढायचा. नळीत बसवलेला पिझो सेन्सर दाब सांगतो, पुढचे पडदे वेग सांगतात. १९२६ साली स्थापन झालेली सामी ही तिथल्या उत्पादकांची संस्था प्रत्येक काडतुसाला दाबाची मर्यादा ठरवून देते. .३०८ला दर चौरस इंचाला ६२,००० पौंड, .२२३ रेमिंग्टनला ५५,०००. लॉटमधून नमुने यायचे, त्यातले काही गरम पेटीत, काही बर्फाळ पेटीत ठेवलेले, ते झाडायचे, आकडे लिहायचे, पुढचा लॉट. गरम पेटी उघडली की तोंडावर जी वाफ येते ती मला ओळखीची आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीला ऑटोची वाट बघितलेल्या माणसाला त्या पेटीचं काही कौतुक वाटत नाही. सहकाऱ्यांना मी सांगितलं की आमच्याकडे माणसं यातच राहतात, तर त्यांना ते खरं वाटेना.

दुसरी बाजू शिशाची. प्रायमरच्या मसाल्यात शिसं, बुलेटमध्ये शिसं. त्यामुळे ठराविक काळाने रक्ततपासणी, प्रयोगशाळेत खाणं-पिणं बंद, हात गार पाण्याने धुवायचे, कामाचे बूट कामावरच सोडायचे. घरात पायताण न आणण्याचा नियम अमेरिकन कंपनीनेही केलाय म्हटल्यावर आईला या नोकरीतली पहिली चांगली गोष्ट सापडली.

माझे मोठे काका आयुध निर्माणीत तपासणी विभागात होते, आता निवृत्त. घरात सगळ्यांनी पगार विचारला, नळी किती मोठी विचारली, "गोऱ्यांनी तुले घेतलं कसं" हेही विचारलं. काकांनी एकच विचारलं: "लॉट रिजेक्ट करायचा अधिकार कोणाच्या सहीचा?" मी म्हटलं, प्रयोगशाळेच्या. "उत्पादनवाले फोन करून राहिले असतील मग." करतात. सौम्य भाषेत करतात, पण महिनाअखेरीला करतात. "मग बरोबर जागी आहेस," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. त्यानंतर दोन तास आम्ही वाडीच्या त्या ओसरीवर पुंगळीच्या भिंतीची जाडी या विषयावर बोललो, आणि काकू चहा आणून ठेवून निघून गेल्या.

प्रवासाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी ऐका, विशेषतः ज्यांची मुलं तिकडे रेंजवर मजा म्हणून जातात त्यांनी. रेंजला नेलेली बॅग भारतात यायला कधीच वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस आपल्या विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसलं की आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि "विसरलो हो साहेब" हे उत्तर पोलीस ठाण्यात नाही, पुढे कोर्टात सांगायचं असतं. रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणायचीही हौस नको. माझ्या भारताच्या बॅगा माळ्यावर वेगळ्या बांधलेल्या असतात.

आणि हो, त्या देशात बंदुकांचं जे चाललंय ते मला दिसत नाही असं नाही. माझ्या मुलीच्या शाळेत दार लावून अंधारात गप्प बसायचा सराव होतो. ती घरी येऊन सांगते आणि मी दुसऱ्या दिवशी कामावर जाते. यावर माझ्याकडे शहाणं उत्तर नाही. कोणी नागपुरात हा विषय काढला की मी वाद घालत नाही.

शनिवारचं फायरिंग मात्र कमी झालंय. पाच दिवस तेच आकडे बघितल्यावर सहाव्या दिवशी काटा पुसायचा उत्साह राहत नाही. क्लबात जाते, पोस्टमनला वाऱ्याचा अंदाज सांगते, परत येते.

चुलतभावाचा मुलगा बारावीत आहे. त्याला हेच करायचंय. त्याला सांगितलं ते इथेही लिहिते. नेमबाजी हवी असेल तर १० मीटर एअर रायफलपासून सुरू कर. ठराविक ताकदीखालच्या .१७७ एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य आणलं तो आपल्या कोल्हापूरकडचाच, रेल्वेत नोकरी करणारा. काडतुसाचं विज्ञान हवं असेल तर नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी आहे, शहरात न्यायसहायक विज्ञानाची सरकारी संस्था आहे, चहूबाजूंनी निर्माण्या आहेत, आणि २०२४मध्ये कानपूरला खासगी कंपनीचा काडतूस कारखानाही सुरू झालाय. अमेरिकेचं मात्र आधी ऐकून घे. तिथल्या निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे या क्षेत्रातल्या कंपन्या बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच घेतात, विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला दार जवळपास बंद. म्हणजे माझ्यासारखं आधी वर्षानुवर्षं दुसरंच काम करावं लागेल.

हे ऐकून त्याचे वडील फार खूश झाले. त्यांना मुलगा कॉम्प्युटर सायन्सलाच हवा आहे.